सांभाळून घेणाऱ्या बायका

मुकादमीण तोंडाची फटकळ. धुलाईघरात नव्याने लागलेल्या पोरी पहिल्या आठवड्यात तिच्यामुळे रडायच्या आणि दुसऱ्या आठवड्यात ती रजेवर असली तर त्यांना करमायचं नाही. सरकारी रुग्णालयाच्या तळघरातलं हे धुलाईघर, आणि तिथं तिचं राज्य. राज्य कसलं म्हणा, वाफ, ओल आणि ब्लीचचा वास, पण होतं तिचं. वरच्या मजल्यांवरच्या मळक्या कपड्यांची गाठोडी भिंतीतल्या पत्र्याच्या नळकांड्यातून धपाधप खाली यायची. वर माणूस बरं होवो नाहीतर जावो, चादर आपल्याकडेच येणार, असं ती पोरींना सांगायची. तेव्हा नाकं मुरडू नका, हेही त्याला जोडून असायचंच.

काम काय असतं ते एकदा सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला. लोकांना वाटतं, यंत्रं धुतात आणि बायका बघत बसतात. डोंबलाचं बघत बसतात! गाठोडी सोडायची, रक्तापुवाचं वेगळं काढायचं, चादरीत कुणी विसरलेली सुई हातात घुसली की वरच्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि मग यंत्रं भरायची. भरणं सोपं. रिकामं करणं म्हणजे जीव काढणारं काम. पिळून निघालेल्या चादरींचा एकमेकींत असा गुंता झालेला असतो की खांद्यापर्यंत हात आत घालून, एक पाय यंत्राला टेकवून, सगळं अंग मागे टाकून ओढावं लागतं. ढीग गाडीवर घालायचा, गाडी ढकलत इस्त्रीच्या गरम रोलरपाशी न्यायची. रोलरला चौघी लागतात. दोघी चादर ताणून आत घालायला, दोघी पलीकडून झेलून घडी करायला. ताणताना हात डोक्याच्या वर जातात. दिवसभर जातात, आणि असे दिवस मोजायचे तर तीस वर्षांचे होतात.

त्या रोलरवर मुकादमिणीची धाकटी जाऊ होती. पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. दोघी एकाच घरात नांदायला आल्या, मुकादमिणीनेच तिला इथं चिकटवून दिली, आणि दीर अकाली गेल्यावर तिचं सगळं हिनेच पाहिलं. स्वभाव मात्र अगदी उलटे. थोरलीच्या जिभेला हाड नाही आणि धाकटीच्या तोंडून शब्द फुटायची मारामार. काही विचारलं की धाकटी आधी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायची, त्याला कुठलं उत्तर आवडेल याचा अंदाज घ्यायची आणि तेच द्यायची. एका स्वयंपाकघरात दोन जावा इतकी वर्षं भांडल्या नाहीत याचं श्रेय मुकादमीण स्वतःकडे घ्यायची. ते धाकटीचं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

धाकटीचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात छातीच्या वर गेला की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सकाळी कपडे बदलायच्या खोलीत मुकादमीण तिचे केस विंचरून बांधून द्यायची, झग्याची बाही चढवून द्यायची आणि उशीर झाला म्हणून वर तिलाच ओरडायची. डॉक्टर म्हणाला होता, ऑपरेशन करा आणि मग वर्षभर हाताला पूर्ण आराम द्या. वर्षभर आराम! इतके दिवस घरी बसणाऱ्या बाईची जागा कोण राखून ठेवणार? म्हणून जावाजावांनी ठरवलं होतं, पेन्शन हातात पडेपर्यंत कसंबसं रेटायचं आणि पडली की त्याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्यायचं. सरकारात जड कामांची एक यादी होती. त्या यादीतल्या माणसाला पंचावन्नाव्या वर्षी पूर्ण पेन्शनवर सोडत, आणि धुलाईघर त्या यादीत होतं. मुकादमीण पुढच्या वर्षी सुटणार होती. धाकटी तिच्या मागोमाग.

आणि नेमकी तेव्हाच सरकारला पेन्शन सुधारायची हुक्की आली.

सरकारचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं नाही. माणसं आता जास्त जगतात, कमावत्या पोरांची संख्या घटत चालली, तिजोरी आटत चालली, तेव्हा निवृत्तीचं वय सगळ्यांनाच बासष्ट करा, असा तो हिशेब. विरोधक म्हणाले, ही गरिबाच्या हाडांवर धाड आहे. सत्तेतले म्हणाले, तुम्ही नातवंडांच्या तोंडचा घास खाताय. सभागृहात बाकं बडवली गेली, कागद फाडले गेले, टीव्हीवर रोज संध्याकाळी चांगले कपडे घातलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली. त्यांतल्या एकालाही केस विंचरायला दुसऱ्याचा हात लागत नव्हता, हे मात्र खरं.

भांडण घरातही शिरलं. मुकादमिणीचा मुलगा एका ऑफिसात कंत्राटावर होता, दर वर्षी नव्याने सही करायची आणि पुढच्या वर्षी घेतील का याची धाकधूक बाळगायची. तो सरकारच्या बाजूचा निघाला. एका रविवारी जेवताना त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "आई, माझ्या पगारातून दर महिन्याला कापतात ते तुझ्यासाठी कापतात. मी म्हातारा होईन तेव्हा माझ्यासाठी कोण कापून देणार आहे?"

तिचा पारा चढला. मग काय आम्ही लवकर मरू का, असं ती बोलून गेली. मुलगा उठून गेला. धाकटी खाली मान घालून बसली होती, ती हळूच म्हणाली की दोघांचंही बरोबर आहे. मुकादमीण तिच्यावर खेकसली. पण भांडी घासताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं, की पोरगं चुकीचं बोललं नाही, आणि तरी या बाईचा खांदा आणखी आठ-नऊ वर्षं कसा टिकायचा?

शेवटी सभागृहात तोडगा निघाला. वय बासष्टच होणार, पण जड कामांची यादी अगदीच पुसायची नाही, छाटून छोटी करायची. आगीचे बंब चालवणारे, खाणीतले, भट्टीवरचे, यांच्याबद्दल वाद नव्हता. पाव भाजणारे, कबरी खणणारे आणि धुलाईघरवाले यांच्याबद्दल होता. मग एक समिती नेमली. तिने प्रत्येक ठिकाणी जाऊन स्वतः बघायचं आणि ठरवायचं. समितीची अध्यक्ष सभागृहातलीच एक बाई होती, पूर्वीची वकील. वाईट नव्हती हो ती. बंद खोलीत बसून यादीवर रेघा मारणं तिला पटत नव्हतं, म्हणूनच तर ही पाहणी तिने मागून घेतली होती.

धुलाईघरांतून निवड झाली ती नेमकी मुकादमिणीच्या धुलाईघराची. कामगार संघटनेचा सेक्रेटरी, एक हडकुळा, सदा घाईत असलेला माणूस, जेवणाच्या सुट्टीत येऊन सगळ्यांना समजावून गेला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की जसं आहे तसं दाखवा, काही लपवू नका. लपवायला आम्ही काय चोऱ्या करतो, म्हणून मुकादमिणीने त्याची हजेरी घेतली. तो बिचारा हसला आणि गेला.

आता लपवण्याचंच सांगायचं तर त्या तळघरात दुसरं काही शिकवलंच जात नव्हतं. जुन्या काळी एक साहेब होता. तो दारात हाताची घडी घालून उभा राहायचा आणि जी बाई खाली बसलेली दिसेल, कण्हताना दिसेल, तिला उद्यापासून येऊ नको म्हणायचा. तेव्हापासूनची रीत. साहेब जिन्यावर दिसला की दाराजवळची बाई वाफेच्या पाइपावर दोनदा ठोकायची. ठक ठक झालं की जिचं दुखतंय ती ढिगाच्या मागे, घडीच्या टेबलावर जायची आणि तिची जागा धडधाकट बाई घ्यायची. रोलरवर जोडीदारीण दोन्ही टोकं ताणायची, दुखणाऱ्या बाईने नुसता हात लावून उभं राहायचं. याला त्या सांभाळून घेणं म्हणत. मुकादमीण तरुणपणी पोटुशी असताना तिला असंच सांभाळून घेतलं होतं, अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत. त्या बायकांपैकी कुणी आज नव्हतं, पण त्यांची आठवण निघाली की ही फटकळ बाईसुद्धा मऊ बोलायची. माया म्हणतात ती या बायकांनी एकमेकींवर अशीच केली, दुसरी करायला वेळ कुणाकडे होता.

पाहणीच्या आधी मुकादमिणीने धाकटीला बजावून ठेवलं. समितीसमोर तू रोलरवरच उभी राहायचंस, हात जाईल तेवढाच न्यायचा, दुखलं की थांबायचं आणि लाजायचं नाही. धाकटीने मान डोलावली. इतर बायकांनाही तिने सांगितलं, आज कुणी कुणाचं ओझं उचलायचं नाही. एवढं शहाणपण तिला होतं. मग तिने एवढंच करून गप्प बसावं ना? पण पाहुणे येणार म्हटल्यावर तिला राहवेना. आदल्या दिवशी फरशी घासून घेतली, बंद पडलेला पंखा दुरुस्त करून घेतला, सगळ्यांचे झगे उकळून कडक इस्त्री करवले. घाणेरडं धुलाईघर कुणी बघावं ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

सकाळी समिती यायच्या आधी रुग्णालयाचा अधीक्षक खाली उतरला. दारात उभा राहिला, हाताची घडी घातली आणि म्हणाला की आज माझी अब्रू तुमच्या हातात आहे. त्याला काही कळत नव्हतं असं नाही, सवयीने बोलला. मागून जिन्यावर बऱ्याच बुटांचा आवाज आला. आणि कुणीतरी पाइपावर ठोकलं. ठक ठक.

कुणी ठोकलं ते नंतर कुणीच कबूल केलं नाही, आणि खरं सांगायचं तर जिने ठोकलं तिलाही ते कळलं नसावं. पण आवाज झाला आणि सगळं आपोआप जागच्या जागी गेलं. धाकटी रोलर सोडून ढिगामागे घडीच्या टेबलावर. तिच्या जागी सगळ्यांत दांडगी पोर. कंबर धरलेली एक जण सुईदोऱ्याच्या कोपऱ्यात, दम्याची एक जण कपड्यांच्या कोठीत आणि दार ओढून घेतलेलं. मुकादमिणीने हे सगळं बघितलं. थांबवायला हवं होतं, एक शब्द पुरला असता. ती तोंड उघडणार इतक्यात अध्यक्षबाई समोर येऊन उभी राहिली, स्वच्छ फरशीकडे कौतुकाने बघत, आणि मुकादमिणीच्या अंगात संचारलं. होय, संचारलंच म्हणायचं. एरवी दोघींनी मिळून रिकामं करायचं यंत्र तिने एकटीने उघडलं, पाय टेकवला आणि एका हिसक्यात चादरींचा गुंता बाहेर ओढून गाडीवर घातला. कमरेत काय झालं ते तिचं तिलाच माहीत. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

अध्यक्षबाईने कोट काढून शेजारच्या यंत्रातून स्वतः ओढून पाहिलं. चादर जागची हलेना. सगळे हसले, तीही हसली. या वयात हे जड नाही का जात, असं तिने विचारलं. मुकादमीण म्हणाली की वजनाचं काय घेऊन बसलात, युक्ती असते, तुम्हीसुद्धा दोन दिवसांत शिकाल. बायकांच्या माना ताठ झाल्या. सेक्रेटरी मागे उभा राहून डोळ्यांनी खुणा करत होता, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती!

मग अध्यक्षबाईने वही मिटली आणि अगदी सरळ विचारलं, "मला खरं सांगा, इथं कुणाला काही दुखणं आहे?"

सगळ्यांनी मुकादमिणीकडे पाहिलं. ढिगामागून धाकटीनेही पाहिलं. अधीक्षक दारात उभाच होता.

"दुखणी वरच्या मजल्यावर, बाईसाहेब," मुकादमीण म्हणाली. "इथं खाली नुसते कपडे."

समिती खळखळून हसली. एकाने तर ते वाक्य लिहून घेतलं. पाहुणे जिना चढून गेले आणि बायका मुकादमिणीभोवती गोळा झाल्या, काय बोललात बाई, काय ठसक्यात बोललात. तीही खुशीत होती. सेक्रेटरी एकटाच गाडीला टेकून उभा होता. तो इतकंच म्हणाला की बाई, आज मी तुम्हाला दुखणारी माणसं दाखवायला सांगितली होती. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही हसत हसत.

सभागृहातली शेवटची चर्चा काही दिवसांनी, एका दुपारी होती. रुग्णालयाच्या उपाहारगृहात टीव्ही लावला होता आणि पाळीतल्या सगळ्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. अध्यक्षबाई बोलायला उभी राहिली. बोलली छान. म्हणाली की ऐकीव गोष्टींवर मी जाणार नाही, मी स्वतः डोळ्यांनी पाहून आले आहे. धुलाईघरातल्या त्या बायका पन्नाशी ओलांडून आमच्यापेक्षा ठणठणीत आहेत, त्यांना बिचाऱ्या म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. मग तिने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं, दुखणी वरच्या मजल्यावर. सभागृहात हशा झाला, बाकं वाजली. विरोधी बाकावरचा एक म्हातारा सभासद उठला. जे कण्हत नाहीत त्यांना दुखत नाही असं कुणी सांगितलं, असं काहीतरी तो म्हणत होता, पण गोंगाटात त्याचं धड ऐकू आलं नाही. मतदान झालं. पाववाले यादीत राहिले, कारण पाहणीच्या दिवशी त्यांच्यातल्या एकाला पिठाने खोकल्याची उबळ आली होती आणि ती लवकर थांबलीच नव्हती. धुलाईघर यादीतून गेलं.

मुकादमिणीने मान वर केली नाही. आता शिव्या बसणार, बसल्याच पाहिजेत, असं तिला वाटत होतं. पण शेजारची बाई म्हणाली की तुमचं काय चुकलं, आम्ही सगळ्याच तशा वागलो. दुसरी म्हणाली, ते आधीच ठरवून आले होते. तिसरीने तिच्यापुढे चहा आणून ठेवला. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही जेवून घ्या." त्यांनी तिलाही सांभाळून घेतलं. एखादीने थोबाडीत मारली असती तरी तिला बरं वाटलं असतं. ती डबा तसाच बंद करून खाली गेली आणि कपड्यांच्या कोठीत, दार ओढून घेऊन, आयुष्यात रडली नव्हती तशी रडली.

पण हात टेकणारी ती नव्हती. सेक्रेटरीला घेऊन ती अध्यक्षबाईच्या कचेरीत गेली. बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसली, आत गेल्यावर उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, पाइपावरची ठकठक, ढिगामागची धाकटी, कोठीत कोंडलेली दमेकरीण. अध्यक्षबाई ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आणि रागही आला.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्हालाच विचारलं होतं."

कायदा झाला होता, त्याला हात लावता येत नव्हता. पण अध्यक्षबाईने स्वतः शोधून एक वाट सांगितली. एखादं माणूस कामाला निकामी झालं असेल तर त्याने डॉक्टरांच्या मंडळासमोर जायचं. मंडळाने तसं म्हटलं तर वय न बघता पूर्ण पेन्शन. बाहेरच्या डॉक्टरांचे कागद मंडळ मानत नाही, स्वतः तपासतं, आणि एकदाच जाता येतं, पुन्हा नाही. तुमच्या जावेला तिथं घेऊन जा, आणि निदान तिथं तरी खरं दाखवा, असं ती म्हणाली. निरोप द्यायला दारापर्यंत आली.

मग धुलाईघरात तालमी सुरू झाल्या. जेवणाच्या सुट्टीत एक बाई डॉक्टर व्हायची, पांढरी चादर पांघरून खुर्चीवर बसायची. धाकटीला हात वर करायला सांगायची. धाकटीने छातीपर्यंत न्यायचा, तिथं थांबायचं आणि आई गं म्हणायचं. हात थांबायचा बरोबर, पण आई गं काही निघेना. निघालं तर इतकं हळू की शेजारणीला ऐकू येऊ नये, आणि लगेच लाजून हसू. अगं, पोरं झाली तेव्हा तरी ओरडली होतीस का नाही, असं मुकादमीण तिला म्हणाली. नव्हती ओरडली, धाकटीने सांगितलं. बायका पोट धरून हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या. खांदा इतका गेला होता की नाटक करायची गरजच नव्हती, तो जसा होता तसा दाखवला की काम फत्ते, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

मंडळाची खोली उजेडाची आणि थंड होती. टेबलापलीकडे तीन जण. मधला डॉक्टर पोक्त, दमलेला, बोलायला मऊ. मुकादमिणीला भिंतीजवळ खुर्ची दिली आणि मध्ये बोलायचं नाही अशी ताकीद दिली. धाकटी झगा काढून आतल्या कपड्यांवर उभी राहिली. एवढ्या पुरुषांसमोर तिला कसं वाटत असेल, या विचाराने मुकादमिणीला गलबलून आलं. डॉक्टरने आधी काम काय, किती वर्षं, असं विचारलं. मग तो म्हणाला, "हं. उजवा हात वर करा बघू."

धाकटीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

हात उठला. छातीपर्यंत आला, तिथं थांबायचा होता. थांबला नाही. खांद्याशी आला. धाकटीच्या तोंडावरचं रक्त उतरलं, खालचा ओठ दातांखाली गेला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि हात कानाच्या वर गेला, आणखी वर, सरळ, छताकडे. तिथं तिने तो धरून ठेवला. डॉक्टरने पाहिलं, शेजारच्याला काहीतरी सांगितलं, शेजारचा लिहू लागला.

"दुखतं का?"

"नाही, साहेब," धाकटी म्हणाली. "थोडंसं."

थोडंसं सगळ्यांनाच दुखतं या वयात, असं तो म्हणाला. कुचेष्टेने नाही, समजूत घातल्यासारखं म्हणाला. मुकादमीण खुर्चीतून उठली. ती खोटं बोलतेय साहेब, तिला केससुद्धा विंचरता येत नाहीत, माझ्या गळ्याची शपथ, असं काय काय ती बोलत सुटली. डॉक्टरने हात वर करून तिला थांबवलं. बाई, मी समोर बसून बघितलं ना, तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलवा म्हणून घंटी दाबली.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. झगा नुसता खांद्यावर टाकून आलेल्या धाकटीचा हात आता बाजूला लोंबत होता, बोटंसुद्धा मिटत नव्हती. मुकादमीण तिच्यावर चवताळून वळली. हिला गदागदा हलवावं, हिच्या दोन थोबाडीत द्याव्यात, असं तिला झालं. आणि त्याच क्षणी तिला आठवलं, की लग्न होऊन नुकतीच आलेली ही भित्री पोर कामावर घेऊन येताना पहिल्या दिवशी आपणच तिला जिन्यावर शिकवलं होतं, साहेब समोर असला की दुखणं घरी ठेवून यायचं. पोर शिकली होती. दुसरं काही शिकली नाही, पण हे शिकली होती.

"धाकटे," तिने विचारलं, "हात का गं वर केलास?"

धाकटीने थोरल्या जावेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या वेळी मात्र कुठलं उत्तर द्यावं ते तिला सापडलं नसावं.

"ते वर करा म्हणाले ना, ताई," ती म्हणाली.

मुकादमिणीने तिला बाही चढवून दिली, बटणं लावली. दुपारची पाळी सुरू व्हायला थोडाच वेळ होता, म्हणून दोघी तशाच बस पकडायला निघाल्या.